शिकागोचा क्रीडाप्राध्यापक

अमेरिकेतील विद्यापीठांत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळला जातो, आणि ज्यात पायापेक्षा हाताला व हातापेक्षा अंगधडकेला अधिक काम पडते, त्याच्या मुख्य प्रशिक्षकास आज जो मानमरातब लाभतो, त्याच्या मुळाचा माग काढीत गेल्यास १८९२ साली शिकागो विद्यापीठात झालेल्या एका नेमणुकीची दखल घ्यावीच लागते. तोवर हे काम बहुधा माजी खेळाडू हौसेखातर करीत. या खेळाचे आद्य नियमकार वॉल्टर कँप हे स्वतः घड्याळाच्या कंपनीतील नोकरी सांभाळून येलच्या संघाला मार्गदर्शन करीत असत. शिकागोचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी मात्र आपला येलमधील विद्यार्थी अमोस अलोन्झो स्टॅग यास सहप्राध्यापकाचा दर्जा आणि शारीरिक शिक्षण खात्याचे प्रमुखपद देऊन ही हौस एकदम अध्यापकवर्गाच्या पंक्तीस आणून बसविली.

स्टॅग मूळचे धर्मोपदेशक व्हावयास निघालेले. वक्तृत्व साधेना म्हणून मैदानाकडे वळले. पहिल्या हंगामात खेळाडूंची वाण पडल्यामुळे हे प्राध्यापक स्वतःच संघातून खेळले! पुढे १९०५ साली त्यांच्या संघाने, छप्पन्न सामने अपराजित राहिलेल्या मिशिगनला अवघ्या दोन गुणांनी, २-० असे नमविले, तेव्हा त्यांच्या कीर्तीला सीमा राहिली नाही. परंतु त्याच वर्षी, विद्यापीठे खेळाडूंना अभ्यासात सवलती देऊन विजय विकत घेतात, असा जो बोभाटा नियतकालिकांतून झाला, त्यात शिकागोचेही नाव होते. स्टॅग वैयक्तिक आचरणात कडक, निर्व्यसनी व शिवीगाळीचा तिटकारा असलेले; तथापि आपल्या खात्याचा जमाखर्च त्यांनी इतर प्राध्यापकांच्या हुकमतीपासून जवळजवळ अलग राखला होता, आणि माझ्या मते पुढच्या साऱ्या तंट्याचे बीज या स्वायत्ततेतच होते.

एक्केचाळीस हंगामांनंतर, १९३२ साली, नवे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी सत्तर वर्षांच्या निवृत्तीचा कायदा त्यांना लागू केला. स्टॅग यांनी संघाबाहेरचे शोभेचे पद नाकारले, कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथील पॅसिफिक महाविद्यालयाची चाकरी पत्करली, आणि १९४३ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, सहव्यवसायी प्रशिक्षकांनी त्यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवडले. इकडे हचिन्स यांनी १९३९ च्या अखेरीस शिकागोतील तो खेळच बंद केला. स्टॅग यांच्या नावाच्या ओस मैदानाच्या प्रेक्षागारांखाली १९४२ साली एन्रिको फर्मी यांनी अणुविघटनाची पहिली नियंत्रित शृंखलाक्रिया घडवून आणली, ही केवळ इतिहासाची गंमत.

हार्पर यांनी दिलेली सनद त्यांच्याच विद्यापीठाने अखेर परत घेतली. इतर विद्यापीठांनी मात्र प्राध्यापकपदाचा भाग यथावकाश टाकून देऊन पगार व अधिकार तेवढे शतपटींनी वाढविले. माझ्या अल्पमतीने, या दोहोंत हचिन्स यांचा निर्णय कठोर असला तरी अधिक प्रामाणिक होता.