अंथरूण पाहून पाय पसरताना : हिंगणी परिसरातील काटकसरीच्या संसाराचे गणित

शहरातील नोकरदार कुटुंबाचे अंदाजपत्रक पहिल्या तारखेला सुरू होते आणि तीस तारखेला संपते. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी आणि आसपासच्या गावांना हे कोष्टक लागू पडत नाही. येथील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो तो वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. खर्च मात्र रोजचा असतो. त्यामुळे कमी खर्च करण्याच्या सवयीपुरती येथील काटकसर मर्यादित राहत नाही. दिवाळीपासून माघापर्यंत हाती आलेला पैसा पुढच्या भाद्रपदापर्यंत कसा पुरवावा, हा तिचा खरा प्रश्न असतो.

हिंगणी हे नाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते बोर धरणामुळे आणि त्याच्या भोवतीच्या जंगलामुळे. १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या जंगलाला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत गणला जातो. धरणाचे पाणी ज्या शेतांना मिळते तेथे गहू-हरभऱ्याचा दुसरा हंगाम साधतो. बाकीच्यांची भिस्त पावसावर आणि कापूस, सोयाबीन, तूर या जिल्ह्याच्या तीन मुख्य पिकांवर असते.

पैसा केव्हा येतो, केव्हा जातो

खर्चाचा पहिला मोठा लोट मृग नक्षत्राबरोबर येतो. बियाणे, खत आणि पेरणीची मजुरी यांना लागणारा पैसा जून-जुलैत एकदमच द्यावा लागतो. विदर्भातील शाळाही उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे वह्या-पुस्तके आणि गणवेश यांचा खर्च त्याच पंधरवड्यात येऊन पडतो. पुढे निंदण, फवारणी आणि पोळा. पावसाळी आजारपणही याच काळातले. जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने म्हणूनच सर्वांत तंगीचे ठरतात.

पहिला पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा येतो. त्यानंतर कापसाची वेचणी सुरू होऊन ती फेब्रुवारीपर्यंत चालते आणि विकलेल्या कापसाचा चुकारा टप्प्याटप्प्याने हाती पडतो. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते. उन्हाळ्यात शेतात काम नसते, पण लग्नसराई आणि घराची डागडुजी असते. १९७२ पासून सुमारे तीन दशके राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, तेव्हाही चुकाऱ्याच्या तारखेवर घरातील अनेक निर्णय अवलंबून असत. योजना गेली, परंतु तारखेची ती वाट पाहणे संपलेले नाही.

एक हिशेब

चार माणसांचे एक कुटुंब वर्षाला २० क्विंटल कापूस विकते असे उदाहरणादाखल समजू. २०२३-२४ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये होता. त्या दराने १ लाख ४० हजार ४०० रुपये येतात. बियाणे, खत, फवारणी व वेचणी यांवर निम्मी रक्कम गेली असे धरल्यास हाती ७० हजार २०० रुपये उरतात. बारा महिन्यांवर ते पसरले तर महिन्याला ५,८५० रुपये, आणि माणशी सुमारे १,४६२ रुपये होतात.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भारतातील सरासरी माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये, तर शहरी भारतातील ६,९९६ रुपये आढळला. या सरासरीत घरी पिकवलेल्या धान्याची किंमतही धरलेली असते. त्यामुळे दोन आकड्यांची तुलना अगदी नेमकी नाही. तरीही अंतर लक्षात येण्याजोगे आहे. एका पिकावर घर चालत नाही. ते अंतर मजुरी, दूध, कोंबड्या, रेशन आणि सरकारी अनुदाने मिळून भरून काढावे लागते. प्रधानमंत्री किसान योजनेतील वर्षाचे ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या हप्त्यांनी मिळतात. पेरणीच्या तोंडावर हप्ता आला तर तो बियाण्यात जातो, उशिरा आला तर वाण्याच्या उधारीत.

धान्य, डाळ आणि भाजी

घरखर्चात अन्नाचा वाटा किती, यावरून कुटुंबाच्या स्थितीचा अंदाज बांधता येतो. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियम असा, की उत्पन्न जितके कमी, तितका अन्नावरील खर्चाचा हिस्सा मोठा. वरील सर्वेक्षणात ग्रामीण भागात हा हिस्सा सुमारे ४७ टक्के, तर शहरांत सुमारे ४० टक्के होता. गरीब घरात बचतीची पहिली जागा म्हणूनच स्वयंपाकघर ठरते.

वऱ्हाड-वर्ध्याच्या स्वयंपाकघराला ही कला नवी नाही. ज्वारीच्या कण्या, पिठले-भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे पदार्थ आज हौसेने खाल्ले जातात. त्यांचा जन्म मात्र जे शिवारात आहे त्यातच भागवण्याच्या गरजेतून झाला. पावसाळ्यात बांधावर उगवणारा तरोटा आणि घोळ विकत घ्यावे लागत नाहीत. घरची तूर भरडून डाळ केली की दुकानातील डाळीचा खर्च वाचतो, आणि उन्हाळ्यात घातलेल्या मुंगवड्या व कुरडया श्रावणात भाजी महाग झाली म्हणजे कामास येतात.

या व्यवस्थेला गेल्या काही दशकांत तडे गेले आहेत. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. रोख पैसा वाढला, पण सोयाबीन घरात शिजत नाही; ते विकून त्याच पैशातून धान्य आणि तेल आणावे लागते. ज्वारीबरोबर जनावरांचा कडबाही गेला. या भागातील गवळाऊ गाय घरात असली की दूध आणि शेणखत दोन्हींचा आधार असे. चारा महागल्यावर तो आधारही अनेक घरांतून गेला.

उरलेला भार रेशनवर येतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबांना एकत्रित ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत करण्यात आले. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये सवलतीच्या धान्याची योजना आणली. नागपूर विभागातून तिच्यात एकट्या वर्ध्याचा समावेश होता. २०२३ पासून या धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये बँक खात्यात देण्याचे ठरले आणि नंतर ही रक्कम १७० करण्यात आली. ज्या घरात वर्षाचे धान्य पिकत नाही, तेथे पाच किलो धान्य आणि दीडशे रुपये यांतला फरक बाजारभाव ठरवतो.

सरपण की सिलिंडर

कापूस संपला की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. ती उपटून, वाळवून वर्षभर चुलीत घालण्याची रीत जुनी आहे. गोवऱ्या आणि जंगलातील वाळक्या काटक्या हे तिचे जोडीदार. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत सरपणासाठी जंगलात जाणे हे जिवाच्या जोखमीचे काम असते. त्यामुळे राज्याने २०१५ मध्ये सुरू केलेल्या जन-वन विकास योजनेतून अशा गावांत गॅस जोडण्यांसाठी अनुदान देण्यात आले, तर २०१६ मध्ये केंद्राची उज्ज्वला योजना आली. जोडणी मिळाली तरी पुढचे सिलिंडर भरण्याची रक्कम एकदम मोजावी लागते. पऱ्हाटी फुकट असते. म्हणून चहा आणि पाहुण्यांपुरता गॅस, अंघोळीचे पाणी आणि भाकरीसाठी चूल अशी वाटणी करून घरे चालतात. पैशांची ही बचत होते ती बाईच्या डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या किमतीवर.

वर्ध्याचा जुना प्रयोग

काटकसरीचा विचार ज्या जिल्ह्यात सर्वांत गंभीरपणे झाला, तो वर्धाच. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावात राहावयास आले. हेच गाव पुढे सेवाग्राम झाले. आपल्या निवाऱ्यावर शंभर रुपयांहून अधिक खर्च होऊ नये आणि साहित्य जवळपासचेच असावे, अशी त्यांची अट होती. माती, बांबू आणि कौले यांची तेथील घरे आजही पाहावयास मिळतात. त्याआधी, डिसेंबर १९३४ मध्ये, वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली मगनवाडीत हातसडीचा तांदूळ, तेलघाणी, गूळ अशा उद्योगांवर काम झाले. गावात पिकलेल्या वस्तूवर गावातच प्रक्रिया झाली तर सत्त्वही राहते आणि पैसाही, असा त्यामागचा विचार होता.

मात्र हा प्रयोग केवळ साधेपणाच्या कौतुकावर थांबला नाही, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. विनोबा भावे यांनी नालवाडीत केवळ सूतकताईच्या मजुरीवर आपली गुजराण करून पाहिली. कातणाऱ्या बाईच्या पदरात प्रत्यक्षात किती पडते, याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला. त्याच काळात गांधीजींनी आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत असा आग्रह धरला आणि १९३५ मध्ये चरखा संघाने जगण्यापुरत्या मजुरीचे तत्त्व स्वीकारले. खादी त्यामुळे महागणार, हे माहीत असतानाही हा निर्णय झाला. काटकसर स्वेच्छेने पत्करणाऱ्यांनीच, गरिबाला आणखी काटकसर सांगण्याआधी त्याची मजुरी वाढवा, असे ठरवले होते.

बचत आणि उसनवारी

जुलैतील तंगी भागवण्याचे मार्ग दोन : आधी साठवलेला पैसा किंवा उसना पैसा. भिशी हा त्यातला जुना मार्ग. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केल्यानंतर महिलांचे गट खेडोपाडी पसरले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नीट लिहिलेले हिशेब ही या गटांची पंचसूत्री. बारा जणींनी दरमहा शंभर रुपये टाकले तर वर्षाला १४,४०० रुपये जमतात. रक्कम मोठी नाही, पण ती पेरणीच्या वेळी हाताशी असते.

व्याजाचा फरक पाहिला म्हणजे तिचे मोल कळते. शेकडा महिना पाच रुपये दराने १०,००० रुपये सहा महिन्यांसाठी घेतले तर व्याज ३,००० रुपये होते. गटाकडून शेकडा दोनने घेतल्यास तेच १,२०० रुपये. एका हंगामात वाचलेले हे १,८०० रुपये चहा-साखर कमी करून वाचवावयाचे म्हटले तर वर्ष लागेल. मुदतीत फेडल्यास तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज राज्यात २०२१ पासून बिनव्याजी करण्यात आले. परंतु मागील कर्ज थकले की बँकेचे दार बंद होते आणि पाय पुन्हा सावकाराकडे वळतात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. त्यामुळे कोणत्याही काटकसरीत पहिला क्रमांक महाग कर्ज टाळण्याचा किंवा आधी फेडण्याचा लागतो. किराण्यातील कपात त्यानंतरची.

साधी वही, चार रकाने

शहरी कुटुंबालाही या गणितातून घेण्याजोगे बरेच आहे. विशेषतः ज्यांची मिळकत अनियमित आहे अशा रिक्षाचालक, कंत्राटी कामगार आणि छोट्या व्यावसायिकांना. महिन्याऐवजी वर्षाचे कोष्टक मांडावे. वहीत चार रकाने पुरतात : रोजचा खर्च, ठरलेल्या महिन्यात येणारा खर्च, कर्जाचे हप्ते आणि अवचित खर्च. शाळेची फी, विम्याचा हप्ता, सण, घरपट्टी यांची बेरीज करून तिला बाराने भागावे आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळी ठेवावी. पोस्टाचे आवर्ती खाते यासाठी सोयीचे असते. पैसा एकदम आला, तर त्यातून आधी धान्य आणि तेलाची बेगमी करावी. हाती रोकड असताना घाऊक घेतलेली वस्तू नंतर उधारीवर घेतलेल्या वस्तूपेक्षा स्वस्त पडते. लग्नकार्याचा आकडा तारखेआधी ठरवावा.

कोठे थांबावे

काटकसरीला तळ असतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिवसाला माणशी २,२५० उष्मांक ही किमान गरज धरून तो तळ मोजला होता. १९६०-६१ च्या भावांनी ग्रामीण भागात त्यासाठी महिन्याला माणशी १५ रुपये, तर शहरात २२ रुपये ५० पैसे लागत. भाव बदलले, प्रश्न तोच आहे. या तळाच्या खाली गेलेल्या कपातीला बचत म्हणता येत नाही.

ही रेषा ओलांडल्याची खूण वहीत दिसत नाही, ती ताटात दिसते. आधी दूध बंद होते, मग डाळ पातळ होते, मग सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याची भाजी संपते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. दवाखाना पुढे ढकलणे आणि मुलीचे शिक्षण दहावीनंतर थांबवणे हेही कपातीचेच प्रकार, आणि त्यांची किंमत पुढची पिढी चुकती करते.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण हिंगणीच्या परिसरात कोणास शिकवावी लागत नाही. हिशेब चोख ठेवूनही जेथे पाय पोटाशी घ्यावे लागतात, तेथे अंथरुणाची लांबी वाढवण्याचाच विचार करावा लागतो. वर्ध्यानेच तो १९३५ मध्ये मजुरीच्या रूपाने केला होता. शेतमालाचा भाव, वेळेवर मिळणारे कर्ज आणि हंगामाबाहेरचे काम ही त्याची आजची रूपे आहेत.