विंचवाचं पान

मी नागपूरजवळच्या वाडीत राहते. अठ्ठावीस वर्षं अमरावती रोडनं बर्डी गाठली, तिथून दुसरी बस पकडून एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. हुद्दा साहाय्यक ग्रंथपालाचा, पण डॉक्टरांच्या लेखी मी पुस्तकं देणारी बाई. खरं काम शोधून देण्याचं होतं.

ते चाले ‘इंडेक्स मेडिकस’वर. अमेरिकी लष्करातले डॉक्टर जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली सुरू केलेली, जगभरच्या वैद्यकीय लेखांची ही विषयवार सूची. अक्षरं मुंगीएवढी. एका पावसाळ्यात खेड्यातल्या दवाखान्यातून एक तरुण डॉक्टर आला. “मॅडम, विंचू चावलेलं लेकरू दगावलं. यावर कुठं काही लिहिलंय का?”

‘स्कॉर्पिअन’ या शीर्षाखाली बोट फिरवत गेले आणि नाव सापडलं, बावस्कर. आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले हिंमतराव बावस्कर! महाडकडच्या खेड्यांतले रुग्ण त्यांनी रात्र रात्र जवळ बसून पाहिले, ते ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकानं १९८२ साली छापलं. १९८६ साली प्राझोसिन या औषधाचा अनुभवही तिथंच छापून आला. कोकणातल्या विंचवाची विद्या लंडनला जाऊन आमच्या कपाटात बाइंडिंग होऊन बसली होती. त्या तरुण डॉक्टरनं पानं हातानं उतरवून घेतली.

१९९७ साली वैद्यकीय लेख शोधून देणारं पबमेड हे संकेतस्थळ सगळ्यांना फुकट खुलं झालं. मला मनापासून आनंद झाला. दिवसाचं काम मिनिटावर आलं. २००४ अखेर ‘इंडेक्स मेडिकस’ छापायचंच थांबलं. पण पबमेडवर अनेकदा सारांशच मिळतो, पूर्ण लेखाला पैसे पडतात. छापील अंक एकदा घेतला की आपला होता. आता वर्गणी थकली की अनेकदा मागचे अंकही बंद. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी संस्थांना मिळू लागली, हे फार चांगलं झालं. खासगी महाविद्यालयांतली मुलं मात्र योजनेच्या पहिल्या टप्प्यात बाहेरच राहिली. आणि ही नियतकालिकं वापरायला शिकवणारं माणूस? माझ्यानंतर माझी जागा भरलीच नाही.

निवृत्तीच्या वर्षी जागा हवी म्हणून जुने खंड रद्दीत काढायचं ठरलं. मी दोनदा लेखी विरोध केला. शेवटी दाखल नोंदवहीत एकेका खंडापुढे लाल शाईनं ‘निर्लेखित’ लिहिलं, १९८६ च्या ‘लॅन्सेट’पुढेही. ते अक्षर माझंच आहे.