वर्धेच्या काठाला वाट का नाही?

जर्मनीत रूर नदीच्या काठाने सुमारे २४० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. विंटरबर्गच्या डोंगरात, उगमापाशी तो सुरू होतो आणि डुईसबुर्गला ऱ्हाईन नदीपाशी संपतो. वाटेत जुने किल्ले, चर्च आणि विटेन गावाजवळची ‘नाख्तिगाल’ ही कोळसाखाण लागते. १८९२ साली बंद पडलेली ही खाण आता संग्रहालय झाली आहे. सायकल बाहेर लावायची, डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि वाकून बोगद्यात शिरायचं!

हा काठ सायकलींसाठी मोकळा राहिला, त्याचं मूळ कोळशातच आहे. १७८० पर्यंत रूरवर जागोजागी पाणी अडवण्या-सोडण्याचे दरवाजे (लॉक) बांधून नदी नावांसाठी तयार केली गेली. खाणीतला कोळसा नदीतूनच निघे. प्रवाहाविरुद्ध परतणाऱ्या नावा काठावरून घोडे ओढत, आणि त्या घोड्यांच्या वाटेवरूनच आज कित्येक ठिकाणी सायकली धावतात.

इकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीला कोळसाही आहे आणि जवळच वर्धा नदीही. पण नदीकाठाने सलग जाणारी वाट नाही. याचं उत्तर शोधायला पार प्राणहितेकाठच्या सिरोंच्यापर्यंत जावं लागतं.

गोदावरीवर धवळेश्वरमचं धरण बांधणारे इंजिनिअर आर्थर कॉटन यांच्या डोक्यात एक भव्य कल्पना होती: वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा. १८६० च्या दशकात काम सुरूही झालं. सिरोंचा हे त्या कामाचं मोठं ठाणं होतं. नदीच्या पात्रात खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यातल्या दुम्मुगुडेमच्या पहिल्याच अडथळ्याने घाम काढला. त्यात या नद्यांचं पाणी पावसाळ्याच्या भरवशावर. दरम्यान १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली होती. १८७१ साली सरकारने जलमार्गाचा नाद सोडला.

त्याच दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रूळ आले, तेही मुख्यतः कोळशासाठी. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली आणि कोळशाचा कारभार बल्लारपूरकडे सरकला. १९२९ मध्ये काझीपेट–बल्लारशाह मार्ग पुरा झाल्यावर ही आडवळणाची कोळशाची लाइन दिल्ली–मद्रास हमरस्त्याचा भाग झाली. माजरी जंक्शन झालं, वणीकडचा फाटा इथूनच सुटतो. या सगळ्या हिशेबात नदी कुठेच नव्हती. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाल्यावर खुल्या खाणींचा पसारा वाढला. आता नदी शोधत निघालेल्याला आधी दिसतात ते ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या मातीदगडाचे ढिगारे. रस्ता टिपरांचा. त्यांच्या धुळीत कडेच्या कापसाचं बोंडही काळवंडतं.

तरी माजरीहून सायकलने एका दिवसात पाहण्यासारखं थोडंथोडकं नाही. भद्रावतीच्या विजासन टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी तर एकटी अर्धा दिवस खातील. एक लांब दालन सरळ डोंगराच्या पोटात जातं; थोडं आत गेल्यावर डावीउजवीकडे काटकोनात दोन फाटे फुटतात आणि तिन्हींच्या टोकाला अंधारात बुद्ध बसलेले. विटेनच्या बोगद्याला ही सर नाही, हे सांगायला संकोच नको. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम इथे येऊन गेले. डोलारा तलावातला दगडी खांबांचा जुना पूलही त्यांनी नोंदवला. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इसवी सन ७७२ चा ताम्रपट भांदकचाच, आणि भांदक म्हणजे ही भद्रावतीच. स्टेशनने तेवढं जुनं नाव टिकवलं आहे.

उलट दिशेला वरोरा, तिथे बाबा आमटे यांचं आनंदवन. १९८५ मध्ये त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तेव्हा त्यांच्यासोबतची तरुण मंडळी सायकलींवर होती. इतका लांब पल्ला गाठणाऱ्या सायकली या मुलखाने पाहिल्या आहेत.

नदी मनसोक्त पाहायची तर घुग्घुसच्या बाजूला वढ्याला जावं. तिथे पैनगंगा वर्धेला मिळते. पलीकडच्या काठावर यवतमाळ जिल्ह्यातलं जुगाद. कार्तिकात वढ्याला जत्रा भरते आणि दोन्ही जिल्ह्यांतली माणसं संगमावर आंघोळीला उतरतात.