समुद्राची वाटणी : कालची आणि आजची

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एखादी पाककृती दिली असती तर चालले असते. परंतु गेल्या वर्षी एका सभेत जे पाहिले ते मनातून जाईना. म्हणून ग्रामवाचनालयातली पुस्तके चाळून, घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आठवून, जमेल तसे लिहिले आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

त्या सभेत भिंतीवर आपल्या मालवणच्या समुद्राचा नकाशा लावला होता. पर्यटकांच्या बोटींचा मार्ग एका रंगात, राखीव भाग दुसऱ्या रंगात, धक्का तिसऱ्या रंगात. आमच्याकडची रापण जेथे पडते ती जागा मात्र नुसती निळी, कोरी. मागे बसलेल्या एका आजीने विचारले, "आमची रापण खंय?" साहेबांनी उत्तर दिले, "ती जागा मोकळी आहे." ते काही वाईट मनाने बोलले नाहीत. त्यांच्या कागदावर ती खरोखरच मोकळी होती.

पण समुद्र मोकळा कधी होता? त्याची वाटणी फार जुनी आहे. ती दोन प्रकारची. एक राजांची आणि दुसरी गावाची.

राजांची वाटणी जहाजांसाठी. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. मग त्यांनी हुकूम काढला की, आमचा परवाना घेतल्याशिवाय व्यापाऱ्याने या समुद्रात गलबत हाकारायचे नाही. त्या परवान्याला कार्ताझ म्हणत. परवाना नसला की गलबत जप्त! आपल्याच दारातल्या पाण्यावरून जायला परक्याची चिठ्ठी. शिवाजीमहाराजांनी हे ओळखले. आरमार उभारले आणि १६६४ मध्ये आपल्या मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. पुढे कान्होजी आंग्रे यांनी स्वतःचे दस्तक सुरू केले. ज्याचे आरमार बळकट त्याचा समुद्र, असा तो काळ. तिकडे युरोपात किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा जेथवर पोचेल तेथवर त्या देशाचे पाणी, असा विचार निघाला, आणि त्यातून तीन सागरी मैलांची हद्द रूढ झाली.

गावाची वाटणी निराळी. तिला ना तोफ ना चिठ्ठी. ज्या भगिनी शहरातून सून होऊन आल्या त्यांच्यासाठी थोडे सांगते. रापण म्हणजे भले मोठे जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकीत नेतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात. बांगडा, तारली, पेडवे असे थव्याने येणारे मासे त्यात मिळतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात : जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. कोणाची रापण कोणत्या पुळणीवर, आज पाळी कोणाची, हे सारे तोंडी ठरलेले. माझ्या सासूबाई म्हणत, "दर्यो सगळ्यांचो, पण पाळी ज्येची त्येची." विहिरीवर आपण घागरींची रांग लावतो तसेच हे. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच पुन्हा पाण्यात घालायच्या. मासळी अंड्यावर असते तेव्हा तिला विसावा मिळे. नियम होता, पण तो कोणी लिहिला नव्हता, कारण लिहिण्याची गरजच नव्हती.

गरज पडली ती यंत्रे आल्यावर. स्वातंत्र्यानंतर मासेमारीत इंजिनाच्या होड्या आल्या. कोळंबीला परदेशात भाव मिळू लागला तसे तळ खरवडणारे ट्रॉलर वाढले. पहिल्याने ते लांब जात. पण कोळंबी काठाजवळच अधिक, म्हणून ते रापणीच्या पाण्यात शिरले. गोव्यात रापणकारांनी १९७० नंतरच्या दशकात मोठी चळवळ केली. तिच्यामुळेच तेथे १९८० चा सागरी मासेमारी कायदा झाला. आपल्या महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. किती वाव खोलीच्या आत ट्रॉलरने यायचे नाही हे त्याखाली ठरले. म्हणजे जी वाटणी पूर्वी तोंडी होती ती प्रथमच कागदावर आली.

दिल्लीतही समुद्र मोजला जात होता. भारताने आपली हद्द १९५६ मध्ये सहा सागरी मैल केली आणि १९६७ मध्ये बारा. बारा सागरी मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. मग १९७६ च्या कायद्याने २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर देशाचा हक्क आला. बाराच्या आतली मासेमारी राज्याच्या कायद्याखाली, त्याबाहेरची केंद्राकडे. त्याआधीच, १९७४ मध्ये, मुंबई हाय येथे समुद्राखाली तेल सापडले होते. तेथील फलाटांच्या भोवती ५०० मीटर कोणी होडी न्यायची नाही. १९८९ मध्ये न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले. तेल, बंदर, आरमार, मासळी, सहल, सगळ्यांचे काम एकाच पाण्यात. एका चुलीवर पाच सुनांचा स्वयंपाक झाला म्हणायचा!

आपल्याकडे १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. प्रवाळ आणि समुद्री जीव जपायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण आपली पोटे कोठे भरायची या काळजीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला, हेही खरे. मग पर्ससीन जाळी आली, जी अख्खा थवा वेढून उचलतात. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले आणि सप्टेंबर ते डिसेंबर हे चारच महिने मोकळे ठेवले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने आपला कायदा सुधारून दंड वाढवले. तरी रात्री काळोखात लांब उजेड दिसतो आणि सकाळी रापणीत चार पेडवे येतात. आमच्या घरचे जाळेही एकदा एका ट्रॉलरने फाडून नेले. ते पुन्हा विणायला कर्ज काढावे लागले, आणि मुलीची कॉलेजची फी त्या वर्षी उशिरा भरली.

मग हे सोडवायचे कसे? शाळेतल्या मास्तरांनी मला ऑस्ट्रेलियाची हकीकत सांगितली. तेथल्या मोठ्या प्रवाळरांगेसाठी १९७५ मध्ये कायदा झाला. पाण्याचे रंगीत भाग पाडले. हिरव्या भागात मासे मारायचे नाहीत, गुलाबी भागात परवानगीशिवाय शिरायचेच नाही, फिकट निळा सर्वसाधारण वापराचा. २००४ मध्ये नवी आखणी झाली आणि सुमारे एक तृतीयांश भाग मासेमारीला बंद केला. त्यापूर्वी लोकांकडून ३१,००० हून अधिक लेखी सूचना आल्या. तेथेही भांडणे झाली, नाही असे नाही. पण कोण कोठे काय करतो हे आधी विचारले गेले. आपल्या देशानेही २०१९ मध्ये नॉर्वेबरोबर करार करून पुद्दुचेरी आणि लक्षद्वीप येथे अशा आखणीचे काम हाती घेतले.

मुंबईतही विचारण्याचा परिणाम दिसला. वरळी कोळीवाड्यातील होड्यांच्या वाटेवर किनारी रस्त्याचे खांब येणार होते. दोन खांबांतले अंतर ६० मीटर धरले होते. कोळी बांधवांनी काम अडवले, बाजू मांडली. त्यांची मागणी याहून मोठी होती, पण २०२३ मध्ये अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. होडी कशी वळते हे होडीवाल्यालाच ठाऊक.

भगिनींनो, मला एवढेच म्हणायचे आहे. आपली वाटणी तोंडी होती म्हणून नकाशावर कोरी राहिली. ज्यांना ती तोंडपाठ होती ती माणसे एकेक करून जात आहेत. माझे सासरे गेले, त्यांच्याबरोबर कितीतरी खडपांची नावे गेली. आणि आपण बायका तर सभेत बहुधा मागेच बसतो. पण मासळी निवडायची, सुकवायची, बाजारात विकायची ती आपणच. कोणती मासळी कोणत्या महिन्यात येत असे, कोणती आता दिसत नाही, हे आपल्या टोपलीला विचारावे.

तेव्हा यंदा हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळाने एक वही घालावी. प्रत्येकीने घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जागांची नावे, रापणीच्या हद्दी, पाळ्या आणि मासळीचे महिने त्यात लिहावेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी लिहीन. सातवीपर्यंतचे अक्षर त्याला पुरे आहे. पुढच्या सभेला ती वही घेऊन आपण पुढच्या रांगेत बसू.

चूकभूल द्यावी घ्यावी.