दंडाच्या पायऱ्या आणि निजामाची परवानगी

१/ आखाडा काढायचा तर सरकारची परवानगी हवी, असा एक काळ नायगावच्या परिसराने पाहिला आहे. जोर-बैठकांसारख्या साध्या व्यायामाची सत्तेला धास्ती का वाटावी? हा धागा त्याविषयी.

२/ प्रथम दंड म्हणजे काय ते पाहू. पाश्चात्त्य 'पुशअप'मध्ये शरीर फळीसारखे ताठ राहते. आपल्या दंडात कंबर वर उचललेली असते. तेथून छाती जमिनीला घासून पुढे जाते, मान व छाती वर उठतात आणि शरीर पुन्हा मागे येते. खांदे, पाठ व कंबर एकाच वेळी राबतात.

३/ या व्यायामाला पायऱ्या आहेत. ताठ शरीराने जोर काढताना हातांवर देहभाराचा सुमारे दोन तृतीयांश भाग येतो. गुडघे टेकले की तो निम्म्याजवळ उतरतो, आणि हात ओट्यावर टेकले तरी हलका होतो. नवख्याने येथून आरंभ करावा. पुढे साधा दंड. त्यानंतर एक पाय हाताजवळ आणून घालायचा हनुमान दंड, छाती वर्तुळात फिरवणारा चक्रदंड आणि एक पाय विंचवाच्या नांगीसारखा उचललेला वृश्चिक दंड.

४/ हे ज्ञान प्रामुख्याने वस्तादांच्या मुखी होते. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी १९३६ पासून 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत प्रसिद्ध करून त्याला ग्रंथरूप दिले. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवले.

५/ औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळांतून, स्त्रियांतून आणि मुलांतून रुजवले. नमस्काराच्या पोटात दंड आहेच. जे तालमीत पैलवानापुरते होते, ते येथे घरच्या अंगणात आले.

६/ हे सारे घडत असताना नांदेड, उदगीर, निलंगा हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. तेथे सभांवर 'गश्ती निशाण ५३' चे बंधन होते आणि खासगी आखाड्यांवरही निर्बंध होते. कारण उघड आहे. आखाड्यात पोरे रोज जमतात, एका माणसाचा शब्द मानतात आणि एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकतात. संघटना याहून वेगळी काय असते?

७/ म्हणूनच १९३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात धर्मस्वातंत्र्याबरोबर आखाड्यांचा प्रश्नही पुढे आला. त्याआधीच, १९३८ च्या डिसेंबरात, उदगीरचे वकील श्यामलाल यांचा बिदरच्या तुरुंगात मृत्यू झाला होता.

८/ बंदीचा फटका कोणाला अधिक बसला असेल? बलवान गडी घरीही शंभर जोर काढू शकतो. नवख्याला मात्र वस्तादाची नजर लागते: कंबर कोठे ढिली पडते, हात किती अंतरावर हवेत, पुढची पायरी केव्हा चढावी. आखाड्याचे दार बंद झाले, की सर्वांत आधी दुबळ्याची वाट बंद होते. ताकद ही मोजक्यांची मिरास होते, ती अशी.

९/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. पुढे निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. त्यांची कुस्ती घडली ती मात्र कोल्हापुरात.

१०/ आज कोणत्या पातळीच्या माणसाने कोणता पुशअप करावा, हे मोबाइलवर क्षणात दिसते. ती शिडी जुनीच आहे. फरक एवढाच, की आता ती चढायला कोणाची परवानगी लागत नाही. गावातली तालीम ओस पडू देण्यापूर्वी हे आठवावे.