आजींची नोंद पुसली, तर मुलाखतींचं काय?

पीएचडीच्या दिवसांत आम्ही मौखिक इतिहासाच्या मुलाखतींचा डेटाबेस सांभाळायचो. एका आजींची नोंद चुकून दोनदा झाली होती. त्यातली एक मी शेलमधून, एका ओळीत डिलीट केली आणि तिला जोडलेल्या सगळ्या मुलाखतीही गेल्या. एरर नाही, इशारा नाही. बॅकअप होता म्हणून वाचले. पण प्रश्न उरलाच: त्या मुलाखती पुसायचं ठरवलं कुणी?

हा प्रश्न जुना आहे. 1960 च्या दशकातल्या आयबीएमच्या आयएमएसमध्ये माहिती झाडासारखी रचलेली असायची. फांदी तोडली की पानंही गेली, विषय संपला. 1970 मध्ये आयबीएममधल्याच एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. आता नोंदी वेगवेगळ्या तक्त्यांत, आणि त्यांना जोडणारी फॉरेन की. म्हणजे मुलाखतीच्या ओळीत लिहिलेला आजींचा क्रमांक. पण आजींची ओळच पुसली, तर तो क्रमांक बोट दाखवणार कुणाकडे?

1986 च्या पहिल्या एसक्यूएल मानकात याची सोयच नव्हती. फॉरेन की आली 1989 मध्ये. आणि 1992 च्या मानकाने पर्याय दिले: नोंद पुसूच द्यायची नाही, खालच्या नोंदीही पुसायच्या म्हणजे कॅस्केड, दुवा रिकामा करायचा, किंवा तिथे आधी ठरवलेली किंमत भरायची.

मग ओआरएम आले. प्रोग्रामरला तक्त्यांऐवजी ऑब्जेक्ट दिसू लागले. सोय झाली, पण हा निर्णय पडद्याआड गेला. एसक्यूएल-अल्केमी काही सांगितलं नाही तर दुवा रिकामा करतं. जँगो मात्र गुपचूप कॅस्केड करायचं, तेही डेटाबेसमध्ये नाही, स्वतःच्या पायथन कोडमधून. माझ्या मुलाखती गेल्या त्या अशा. डिसेंबर 2017 मधल्या जँगो 2.0 पासून 'ऑन डिलीट' लिहिणं सक्तीचं झालं.

ही सक्ती कटकटीची वाटते, पण मला ती पटते. पुसल्यावर मागे काय उरावं हे फ्रेमवर्कला कसं कळणार? ते माहितीचा अर्थ जाणणाऱ्यानेच सांगायला हवं. आमच्या कोडमध्ये आता 'प्रोटेक्ट' आहे: मुलाखती जोडलेल्या असतील तर व्यक्ती पुसता येत नाही. आधी मुलाखती योग्य नोंदीकडे वळवायच्या, मगच जादाची नोंद काढायची.

तुमच्याही प्रोजेक्टची मॉडेल्स एकदा उघडून बघा. तिथे कॅस्केड तुम्ही विचार करून लिहिलंय, की कुठूनतरी कॉपी केलंय?