तीरकामठ्याच्या पाठीवर माशाचं कातडं : कसं लावायचं, कशासाठी लावायचं

ओझर (ता. जुन्नर) : येडगाव धरणाच्या फुगवट्यात जाळं लागलं की रोहू, कटला, मृगळ, चिलापी बाजारात येते. मासा कापून झाला की कातडं, खवले उकिरड्यावर नाहीतर कुत्र्यांपुढं पडतात. या फेकायच्या कातड्यानं लाकडी धनुष्य, म्हणजे आपला तीरकामठा, सजवता येतो. अमेरिकेत हातानं लाकडी धनुष्य घडवणारे कारागीर हे काम करतात. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला हौसेनं तीरकामठा घडवणाऱ्या पोरांना ही माहिती उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट समजून घ्या. कामठा धरल्यावर जी बाजू नेमाकडे असते ती पाठ, आणि आपल्या तोंडाकडे असते ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दबतं. कामठा मोडतो तो बहुतेक वेळा पाठीवर चीर उठून. म्हणून पाठीवर काहीतरी चिकटवायची रीत जगभर आहे. इराण, तुर्कस्तान आणि मोगलांच्या धनुष्यांत पाठीवर जनावराच्या स्नायूंचे धागे आणि पोटाला शिंग असायचं. तुर्की कारागीर हे चिकटवायला माशाच्या फुग्यापासून केलेला सरेसही वापरत. जपानी तलवारींच्या मुठीवर पाकट माशाचं खरबरीत कातडं बसवलेलं असतं, तेही याच नात्यातलं.

पण स्नायूंच्या धाग्यांचं काम माशाचं कातडं करत नाही. ते कागदासारखं पातळ असतं. त्यानं कामठ्याचा जोर वाढत नाही. बारीक कुसळ उठत असेल तर ते थोडंफार दाबून धरतं, वरून वार्निश दिलं की दमट हवेपासून लाकूड वाचवतं, आणि दिसायला देखणं दिसतं. एवढंच. लाकडाची रेघ पाठीवर मध्येच तुटलेली असेल, गाठ असेल, चीर असेल, तर कातड्यानं ती फक्त झाकली जाते. हे सगळ्यात धोक्याचं, कारण भर ओढीत कामठा तुटला तर तुकडा डोळ्यावर येतो. असा कामठा सजवू नका, चुलीत घाला.

लाकूड धामणीचं मिळालं तर उत्तम. सह्याद्रीत हे झाड आहे, संस्कृतात त्याला धनुर्वृक्षच म्हणतात. लवचिक लाकूड असल्यानं कुऱ्हाडीचे दांडेही त्याचे करतात. वनखात्याच्या जंगलातलं झाड मात्र विचारल्याशिवाय तोडायचं नाही. बांबूचा कामठा असेल तर बाहेरची गुळगुळीत बाजू पाठीला ठेवतात. तिच्यावर मेणासारखा थर असतो, त्याला कुठलाच डिंक धरत नाही. तो थर हलक्या हातानं खरवडावा लागतो. बांबूचा खरा जोर त्या थराखालच्या धाग्यांत आहे, म्हणून खोल खरवडू नका. माझ्या मते बांबूला कातड्याची गरजच नाही, हौस असेल तर गोष्ट वेगळी.

परदेशात सापाचं कातडंही लावतात. ते पाहून कुणाच्या डोक्यात आलं तर सरळ सांगतो, आपल्याकडं तो गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं साप मारणं आणि त्याचं कातडं बाळगणं दोन्हीला बंदी आहे. धामण झाडाचं नाव घेता घेता धामण सापाकडं वळायचं नाही. शेतातले उंदीर खाणारा तो आपला राखणदार आहे. सापासारखी नक्षी हवीच असेल तर मरळ घ्या. डोकं सापासारखं, अंग लांबट आणि कातडं चिवट. नाहीतर दोन-तीन किलोचा रोहू किंवा गवत्या चालतो. चिलापी आखूड पडते.

नारायणगाव, आळेफाटा किंवा मंचरच्या बाजारात मासे कापणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की तुकडे करू नको, दोन्ही बाजूंचं कातडं अख्खं सोलून दे. पाठीवरच्या पराची जागा बाजूला टाकली की एका माशातून दोन पट्ट्या निघतात. त्या एकमेकींच्या जोडीच्या असतात, म्हणून एक वरच्या हाताला आणि दुसरी खालच्या हाताला शोभते. डोक्याकडची रुंद बाजू मुठीकडं ठेवायची, शेपटी टोकाकडं. कामठाही टोकाला निमुळता होतो, त्यामुळं माप आपोआप जुळतं. कमी पडलं तर जोड मुठीच्या बांधणीखाली लपवता येतो.

खवले काढून टाका. त्यांच्या घरांची जाळी कातड्यावर राहते, तीच खरी नक्षी. आतल्या बाजूचं मांस बोथट सुरीनं किंवा चमच्यानं पूर्ण खरवडा. मग भांडी घासायच्या साबणानं दोन-तीनदा धुवा. तेलकटपणा राहिला तर कातडं चिकटत नाही, वास मारतं, मुंग्या आणि उंदीर मागं लागतात. पाणी गारच हवं. माशाचं ओलं कातडं गरम पाण्यात आखडतं, आणि उकळलं तर त्याचाच सरेस होतो. लगेच लावायचं नसेल तर मीठ चोळून ठेवा, पण लावण्याआधी मीठ धुऊन काढा. मीठ राहिलं तर पावसाळ्यात ते ओल ओढतं. फळीवर पसरून कडेनं टाचण्या मारून सावलीत वाळवा. फार ताणू नका. (ओझरात चतुर्थीला अंगणात वाळत घालाल तर घरच्यांच्या शिव्या खाल, तेवढं सांभाळा.)

चिकटवायच्या आधी कामठा पूर्ण तयार हवा. दोन्ही हात सारखे वाकतात का बघा, वीस-पंचवीस बाण मारून बघा. नंतर पाठ पॉलिश पेपरनं थोडी खरबरीत करा आणि धूळ पुसा. वाळलेलं कातडं गार पाण्यात मऊ होईपर्यंतच भिजवा, पाणी निथळा. लाकडाला फेविकॉलचा पातळ सारखा थर द्या. सरेस वापरणार असाल तर बोट सहज बुडेल इतका निवू द्या, नाहीतर वर सांगितल्याप्रमाणं कातडं आखडेल. मधून सुरुवात करून टोकांकडं अंगठ्यानं दाबत हवा काढा. वरून सुती पट्टी गुंडाळा, पण करकचून नको, वळ उमटतात. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडा आणि आणखी तीन-चार दिवस दोरी चढवू नका. कडेचं जास्तीचं कातडं कानशीनं वरून खाली घासून काढा. उलट्या बाजूनं घासलं तर ते उचकटतं. मग वार्निशचे तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर पुढचा.

मुलगा भारतीय राउंडच्या तिरंदाजी स्पर्धेला जात असेल तर धनुष्यावर काहीही चिकटवण्याआधी प्रशिक्षकाला विचारा.

आणखी एक. वन्यजीव कायद्यात धनुष्यबाण हे शस्त्र धरलं आहे. भीमाशंकर अभयारण्यात परवानगीशिवाय ते घेऊन जाता येत नाही, सजवलेलं असलं तरी. रानडुक्कर पिकात घुसलं म्हणून त्याच्यावर बाण मारणंही शिकारीत मोडतं. त्यासाठी वनखात्याकडं नुकसान भरपाईचा अर्ज करायचा असतो.

मिरवणूक झाली की दोरी उतरवून ठेवा. कामठा आडवा, दोन खुंट्यांवर ठेवायचा, चुलीच्या धगीपासून आणि पत्र्यापासून लांब. जून उजाडण्याआधी कडांवरून बोट फिरवा, कुठं कातडं सुटलेलं लागलं तर काडीनं थोडा फेविकॉल आत घालून दाबा आणि त्या जागी वार्निशचा एक हात द्या.